हा कॉम्प्युटर महाराष्ट्रात आहे, हे एकदाच सांगू द्या



व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून संतांविषयी बोलले जाते, इतिहासाविषयी बोलले जाते, उसाविषयी आणि पाण्याविषयी बोलले जाते. त्या विषयांच्या पंक्तीत आजचा विषय किरकोळ वाटेल: कॉम्प्युटरमधल्या सेटिंग्ज. पण सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, पतसंस्थेचा खातेउतारा, यांतले काय आज कॉम्प्युटरशिवाय आपल्या हातात पडते? ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या भगिनी, शाळेतले लिपिक, सोसायटीचे सचिव ही माणसे दिवसभर या यंत्रासमोर बसतात. एखाद्या सकाळी प्रिंट निघत नाही, तारीख उलटी पडते, मराठी टाइप होत नाही. बाहेर रांग वाढते. मग खुर्चीतला माणूस ओशाळून म्हणतो, “सेटिंग हललंय कुठलं तरी. मला त्यातलं फारसं कळत नाही.” मला आज त्या वाक्याविषयी बोलायचे आहे. त्याला कळत नाही हे खरे नाही. त्याला कळेल अशा रीतीने ते यंत्र त्याच्याशी बोलत नाही, हे खरे आहे. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा आहे.

पुराव्यादाखल अगदी साधी गोष्ट घेऊ, तारीख. आपल्याकडे दिवस आधी, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत महिना आधी. विंडोज बसवताना पहिल्या पडद्यावर जे आपोआप निवडलेले असते ते तसेच पुढे ढकलले, की कित्येक यंत्रे अमेरिकी पद्धतीवर राहतात. आता अशा यंत्रावर कोणी एक्सेलमध्ये जन्मतारखांची यादी करायला बसले आहे असे समजा. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून आहे; शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लावलेली. लिपिक टाइप करतो ०१/०६/१९७५. एक्सेल ती ६ जानेवारी समजून साठवते. पडद्यावर मात्र १/६/१९७५ असेच दिसते. पाहणाऱ्याला वाटते, बरोबर आहे! तीच यादी तालुक्याच्या कार्यालयात भारतीय पद्धतीवर चालणाऱ्या यंत्रात उघडली, की तिथे ६ जानेवारी उमटते. वयात जवळजवळ पाच महिन्यांचा फरक पडला, आणि तो कोणी पाडला हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या योजनेत वयाची अट आहे, जिथे निवृत्तीचा महिना मोजायचा आहे, तिथे या पाच महिन्यांचे काय होते याचा विचार करा.

हा हिशेब पुरा करून पाहू. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा दोन्ही पद्धतींत सारख्याच, त्या वाचल्या. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतल्या उरलेल्या ११, म्हणजे वर्षाकाठी १३२ तारखा, गुपचूप बदलतात. आणि महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या, एकूण २२१, एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या नुसती अक्षरे म्हणून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटून बसतात आणि क्रमवारी लावली की खाली जाऊन पडतात. न कळलेल्या २२१ तारखा निदान डोळ्यांना खुपतात. बदललेल्या १३२ खुपत नाहीत, म्हणून त्या अधिक घातक. एवढा सगळा घोटाळा एका सेटिंगचा.

आता ही सेटिंग सुधारायची कुठे? इथे माझा मुख्य मुद्दा येतो. विंडोजच्या ताज्या आवृत्तीत भाषा आणि प्रदेश असे एक पान आहे. त्यात देश निवडण्याची जागा आहे. तिथे भारत निवडला की कोणीही समजूतदार माणूस म्हणेल, झाले काम. पण नाही. त्याच पानावर खाली रीजनल फॉरमॅट नावाची दुसरी जागा आहे, आणि तारखेचे व आकड्यांचे स्वरूप ठरते ते तिथे. वर भारत आणि खाली अमेरिका, असे यंत्र खुशाल चालते. घड्याळाची वेळ भारतीय हवी असेल तर ती तिसऱ्या ठिकाणी, वेगळ्या पानावर. मराठी टाइप करायचे तर भाषा जोडणे हे चौथे काम, आणि त्या भाषेतही कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मानक मांडणीचा हवा की उच्चारानुसारी, हे पुन्हा निवडायचे. प्रिंटरचा कागद ए-४ की अमेरिकी लेटर, हे पाचव्या ठिकाणी, प्रिंटरच्या पोटात. आणखी एक बारकावा पाहा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक कीबोर्डांवर ४ च्या कळीवर रुपयाचे चिन्ह छापलेले असते. २०१० साली भारत सरकारने ते चिन्ह स्वीकारले, मग ते कळीवर आले. पण कीबोर्डची मांडणी अमेरिकी इंग्रजी असेल तर ती कळ कितीही दाबा, रुपया उमटत नाही. भारतीय इंग्रजीची मांडणी निवडली तरच उजवी ऑल्ट आणि ४ दाबल्यावर तो येतो. कळीवर छापलेले अक्षर कळीतून येत नाही, आणि का येत नाही ते कोणी सांगत नाही.

माणसाला यंत्राला सांगायचे होते एकच वाक्य: “बाबा, तू महाराष्ट्रात आहेस.” या एका वाक्यात तारीख आली, लाख-कोटीचा स्वल्पविराम आला, घड्याळ आले, ए-४ कागद आला, रुपया आला, मराठी आली. यंत्राने त्या एका वाक्याचे सहा तुकडे केले आणि सहा कोनाड्यांत ठेवले. का? जणू आत प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे सहा वेगळे गट होते, आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे बटण आपापल्या जागी लावले. सेटिंगची पाने यंत्राच्या रचनेप्रमाणे मांडलेली आहेत, माणसाच्या प्रश्नाप्रमाणे नाहीत. सोपेपणाची सगळी गोम इथे आहे. बटणे कमी करणे, रंग आकर्षक करणे, चित्रे मोठी करणे याने सोपेपणा येत नाही. प्रश्न माणसाच्या बाजूने विचारला की तो येतो.

प्रिंटरचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण सेवा केंद्राचे पोट त्यावर आहे. विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबरपासून एक सोय आली: नेहमीचा प्रिंटर कोणता हे विंडोज स्वतः ठरवील. कसे ठरवील? शेवटी जो वापरला तो नेहमीचा. ऐकायला किती सोयीचे! पण विंडोजमध्ये एक कागदाविना प्रिंटरही असतो. त्याच्याकडे पाठवलेली प्रिंट कागदावर न येता पीडीएफ फाइल होते. एखाद्याने एकदा दाखल्याची पीडीएफ केली, की नेहमीचा प्रिंटर तोच झाला. पुढच्या शेतकऱ्याचा उतारा छापायला दिला तर कागद निघत नाही, फाइल कुठे साठवू असे विचारणारी खिडकी उघडते. बसलेला माणूस प्रिंटरची वायर तपासतो, शाई तपासतो, प्रिंटर बंद करून सुरू करतो. दोष तिथे नसतोच. बरे, त्याने शोधून विंडोजची सेटिंग दुरुस्त केली तरी उतारा ब्राउझरमधून छापायचा असतो, आणि क्रोमसारखा ब्राउझर शेवटी वापरलेल्या प्रिंटरची स्वतःची वेगळी आठवण ठेवतो. म्हणजे एक दुरुस्ती करूनही फळ दिसत नाही, आणि माणूस अशा निष्कर्षाला येतो की आपण काही दुरुस्त करू नये. हे नुकसान कागदाच्या नुकसानापेक्षा मोठे आहे. यंत्राला हात लावायची भीती बसते.

ही भीती जगभर आहे. अमेरिकेतले जेरेड स्पूल हे वापरसुलभतेचे अभ्यासक. त्यांच्या गटाने वर्ड वापरणाऱ्या कित्येक लोकांकडून त्यांच्या सेटिंगच्या फाइली मागवून तपासल्या, आणि २०११ साली त्याविषयी लिहिले. एखादी तरी सेटिंग बदललेले लोक पाच टक्क्यांहून कमी निघाले. त्या काळच्या वर्डमध्ये लिहिलेले आपोआप जपून ठेवण्याची सोय होती, पण ती मुळात बंद ठेवलेली होती. म्हणजे पंचाण्णव टक्के लोक ती सोय असूनही तिच्याविना लिहीत होते. विचारल्यावर ते म्हणाले, कंपनीने बंद ठेवली आहे म्हणजे काही कारण असणार. कारण काय निघाले? प्रोग्रामरने सुरुवातीला सगळ्या सेटिंग्जच्या जागी शून्य भरले होते, एवढेच. तज्ज्ञांनी विचारपूर्वक ठरवले असेल असे लोकांना वाटत होते, आणि तिथे कोणी काही ठरवलेच नव्हते! म्हणून मी म्हणतो की आधीपासून निवडून ठेवलेली गोष्ट, ज्याला सगळे डिफॉल्ट म्हणतात, हीच शंभरातल्या पंचाण्णवांसाठी एकमेव सेटिंग असते. उरलेली पाने त्यांच्यासाठी नसल्यात जमा. तेव्हा पान सोपे करण्याआधी डिफॉल्ट योग्य करा. ज्या पानावर जावेच लागत नाही, त्याच्याइतके सोपे पान दुसरे नाही.

या बाजूने जगात विचार झाला नाही असे नाही. १९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याचे सगळे कंट्रोल पॅनल एका छोट्या खिडकीत मावत होते आणि त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. कळ दाबून धरली तर अक्षर किती वेगाने उमटावे हे ठरवायला सुसान केर यांनी काढलेली चित्रे होती, एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा. आपल्या पहिलीतल्या मुलालाही ते न शिकवता कळेल. पुढे यंत्रांची कामे वाढली, बटणे वाढली. विंडोजचे कंट्रोल पॅनल १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासूनचे. २०१२ साली विंडोज ८ मध्ये त्याच्या शेजारी नवे सेटिंगचे पान आले, आणि तेव्हापासून आजतागायत दोन्ही नांदत आहेत. नव्या पानावरून एक दुवा दाबावा तर जुनी खिडकी उघडते, तिच्यातून आणखी जुनी. एका घराला दोन कारभारी, आणि कोणत्या कुलपाची किल्ली कोणाकडे हे घरच्यांना ठाऊक नाही, अशी ही अवस्था.

फुकट आणि मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात, म्हणजे लिनक्सवाल्यांत, यावर सर्वांत कसून वाद झाला. २००२ साली ग्नोम या डेस्कटॉपची दुसरी आवृत्ती आली आणि तिने सेटिंग्ज धाडसाने कमी केल्या. तिच्या बाजूने ग्नोमचेच एक प्रोग्रामर हॅवॉक पेनिंग्टन यांनी लिहिले की प्रत्येक जादा सेटिंगची किंमत मोजावी लागते. त्यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. सेटिंग्ज फार झाल्या की हवी ती सापडत नाही. शिवाय त्यांच्या जोड्या तपासून पाहणे अशक्य होते. हो-नाही अशी दहा बटणे असली तर १,०२४ प्रकारचे यंत्र तयार होते, वीस असली तर १०,४८,५७६ प्रकारचे. यांतले किती कोणी तपासले असणार? आणि त्यांचा सर्वांत धारदार मुद्दा असा, की पुष्कळदा बनवणाऱ्यांना एखादी चूक सुधारायची नसते किंवा आपसांत एकमत करता येत नाही, तेव्हा ते एक बटण लावून निर्णय वापरणाऱ्याच्या गळ्यात घालतात.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप जाणकारांचा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ग्नोमवर जाहीर आणि कडक टीका केली. वाद पेटला होता छपाईच्या खिडकीवरून, हे लक्षात घ्या. प्रिंटर जे करू शकतो त्यातले बरेच काही त्या खिडकीत दाखवलेच जात नव्हते. वापरणाऱ्याला अडाणी समजून सोयी काढून घेऊ नका, असा त्यांचा रोख होता. ते बरोबर होते का? माझ्या मते, निम्मे बरोबर होते. सोय काढून टाकणे हा सोपेपणा नव्हे. ज्या छापखान्याला पानाच्या दोन्ही बाजूंना छापायचे आहे त्याची ती गरज खरी आहे. पण म्हणून ते बटण उतारा छापणाऱ्याच्या वाटेत पहिल्याच पानावर आडवे पडले पाहिजे असे नाही. नेहमीचे समोर, क्वचितचे एक पायरी आत, आणि आत गेलेल्याला परतीची वाट. परतीची वाट मी मुद्दाम म्हणतो. विंडोजमध्ये पडद्याचे मोजमाप बदलले की यंत्र विचारते, हे ठेवायचे का? पंधरा सेकंदांत उत्तर आले नाही तर ते आपणहून पूर्ववत होते. पडदा काळा पडला तरी माणूस अडकत नाही. इतकी शहाणी योजना पडद्यासाठी सुचली, तर ती तारखेसाठी, प्रिंटरसाठी, कीबोर्डसाठी का सुचू नये? केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपने २०२० साली आणखी एक चांगली गोष्ट केली. एक बटण दाबले की मूळ स्थितीपासून बदललेल्या सेटिंग्ज खुणेने दाखवल्या जातात. “सेटिंग हललंय कुठलं तरी” या वाक्याला याहून थेट उत्तर नाही: हे हललंय, इथे हललंय. जाणकाराचे यात काहीही हिरावले गेले नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मातीतला. लोकांना शिकवा, मग पाने सोपी करायची गरज नाही. महाराष्ट्राइतके हे कोणी केले असेल? २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले, त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-शिक्षणाचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत पोहोचले, लाखो मुलामुलींनी, सरकारी कर्मचाऱ्यांनी, गृहिणींनी तो अभ्यासक्रम पुरा केला. त्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या वर्गात विंडोज एक्सपीचे कंट्रोल पॅनल शिकलेल्या माणसाच्या हाताखालून पुढे व्हिस्टा, सात, आठ, दहा आणि अकरा अशा आवृत्त्या गेल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे कंपनीचे पाठबळ संपले आणि कार्यालयांपुढे पुन्हा नव्या पडद्याची वेळ आली. दर वेळी बटणे जागा बदलतात. नांगर धरायला शिकलेला माणूस दर चार वर्षांनी नव्याने शिकत नाही. इथे मात्र जे शिकवले तेच शिळे होते. वाटा सतत हलवायच्या आणि चुकलेल्याला शिकवणीला पाठवायचे, हा न्याय नव्हे. शिकवणीत हिशेब शिकवा, माहितीची सुरक्षितता शिकवा, फसवणूक ओळखायला शिकवा. प्रिंटर कोणत्या पानाच्या तळाशी लपला आहे, यावर माणसाचे आयुष्य खर्ची घालू नका.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. डिफॉल्टच सर्वकाही असेल, तर ते ठरवणाऱ्या कंपनीच्या हातात केवढी सत्ता गेली! तिने स्वतःच्या फायद्याचे डिफॉल्ट ठेवले तर? ही भीती काल्पनिक नाही. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा झटपट निवडीचा रस्ता धरणाऱ्याची बरीच माहिती कंपनीकडे जाण्याची मुभा आपोआप दिली जात होती. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने २०१६ च्या जुलैत कंपनीला रीतसर नोटीस दिली, कंपनीने बदल केले, आणि २०१७ मध्ये आयोगाने ते प्रकरण मिटवले. यातून मी उलटाच धडा घेतो. डिफॉल्ट ही सार्वजनिक बाब आहे, आणि सार्वजनिक संस्थेने नेट धरला तर जगातल्या बलाढ्य कंपनीलाही ते बदलावे लागते. आपल्याकडे हे करण्याची ताकद आहे की नाही? भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली भारतीय लिप्यांचे मानक ठरवले म्हणून इनस्क्रिप्टची मांडणी आज प्रत्येक मोठ्या प्रणालीत मिळते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस ही लिनक्सची भारतीय आवृत्ती २००७ साली काढली, भारतीय भाषा गृहीत धरूनच. विंडोजमध्येही २०१९ साली उच्चारानुसारी मराठी कीबोर्ड आला. साहित्य आहे. ते यंत्राच्या आत झोपलेले आहे, आणि ते जागे करून देणे हे विक्रेत्याचे काम आहे अशी अट आपण घातलेली नाही.

मोबाइलने डेस्कटॉपचा जमाना संपवला, असेही कोणी म्हणेल. घरात कदाचित संपवला असेल. पण उतारा, दाखला, पगारपत्रक, निकालपत्रक अजून टेबलावरच्या यंत्रातून निघते, आणि मोबाइल नसलेला म्हातारा माणूस त्याच टेबलासमोर उभा असतो.

आपण जमलो आहोत त्या वेळापुरात अर्धनारीनटेश्वराच्या मंदिर-परिसरात यादवकाळातले मराठी शिलालेख आहेत. ज्या गावात सातशे वर्षांपूर्वी मराठी दगडावर कोरली गेली, तिथल्या कार्यालयातल्या नव्या यंत्रात मराठी बंद अवस्थेत यावी, हे आपण का चालवून घ्यावे?

सभागृहात सरपंच आहेत, ग्रामसेवक आहेत, मुख्याध्यापक आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत. माझी विनंती तुम्हाला आहे. पुढच्या कॉम्प्युटर खरेदीच्या मागणीपत्रात प्रोसेसर आणि हार्डडिस्कच्या ओळींखाली या ओळी घाला: प्रादेशिक स्वरूप भारताचे असावे, कीबोर्डची इंग्रजी मांडणी भारतीय असावी, मराठीचे इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी दोन्ही कीबोर्ड चालू स्थितीत असावेत, कागद ए-४ असावा, नेहमीचा प्रिंटर कायम केलेला असावा आणि तो आपोआप बदलण्याची सोय बंद असावी. विक्रेत्याला याचा एक पैसाही जादा खर्च नाही. यंत्र ताब्यात घेताना त्याच्यासमोर एक्सेल उघडा, १३/०६/१९७५ टाइप करा आणि एंटर दाबा. तारीख चौकटीच्या उजव्या कडेला सरकली तर यंत्र तुमचे आहे. डाव्या कडेलाच चिकटून राहिली, तर ते दुरुस्त करून घ्या, आणि तोवर पोचपावतीवर सही करू नका.